पान क्रमांक आठशे बारा

६ जानेवारी २०२५

आज शलाका मॅडमनी माझा प्रबंध परत पाठवला. सहा वर्षांचं काम, दोनशे चौऱ्याऐंशी पानं, आणि त्यावर फोनवरून एकच प्रश्न: "काका, पान आठशे बारा कुठून आणलंत?"

कॉलेजात त्या मला 'चौबळ सर' म्हणतात. 'काका' म्हटलं की समजायचं, काहीतरी बिनसलं आहे. त्या माझ्या मार्गदर्शक, वय अडतीस. आमच्या मुलीच्या, राजसीच्या शाळेत तिच्या दोन वर्षं पुढे होत्या. माझं वय चौसष्ट, पण संशोधनात वय बघायचं नसतं असं मी स्वतःला रोज सांगतो.

विषय आहे अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या शेतकरी स्त्रियांची आत्मकथनं. त्यातलं मुख्य पुस्तक 'आवणी ते झोडणी', म्हणजे भाताच्या लावणीपासून झोडणीपर्यंत. बदलापूरच्या पुढच्या एका गावातल्या बनूबाई बोलत गेल्या, त्यांची नात स्वप्नाली हिने लिहून घेतलं आणि थेट ई-पुस्तक करून टाकलं. कागदावर ते कधी छापलंच गेलं नाही. मी ते फोनवर वाचलं, आणि स्क्रीनच्या तळाशी जो आकडा दिसला तो पान क्रमांक म्हणून इमानेइतबारे टिपला. मॅडमनी तेच पुस्तक लॅपटॉपवर उघडलं, तर ते एकशे शहाण्णव पानांत संपलं.

एकतीस वर्षं मी इथे अंबरनाथच्या आनंदनगरला रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता नियंत्रण सांभाळलं. बॅच नंबर नसलेला एक डबा माझ्या हाताखालून गेटबाहेर गेला नाही. आणि आता माझ्याच मालावर खोटे नंबर. चोपन्न अवतरणं आहेत, चोपन्न ठिकाणी.

मुदत अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत. दोनदा वाढवून घेतली आहे, तिसऱ्यांदा मिळत नाही. त्या दिवशी प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि सहा वर्षं पाण्यात. मॅडम शेवटी एवढंच म्हणाल्या की सहावं प्रकरण मात्र अप्रतिम झालंय, तेवढ्यासाठी तरी हे निस्तरा. कारखान्यात गोंधळ झाला की मी आधी नोंदवही उघडायचो. म्हणून ही डायरी.

७ जानेवारी

दिवसभर चाचण्या. नमुना: एकच पुस्तक. माझा फोन: ६१८ पानं. फोन आडवा: ७४४. घरातला टॅब: ३३१. टॅबवर ओळींमधलं अंतर वाढवून: ४०७. कारखान्यात एकाच डब्याचं वजन पाच काट्यांवर पाच वेगवेगळं आलं असतं तर मी काटेवाल्याला उभं केलं असतं. इथे उभं कोणाला करायचं?

पण आज फोनवर पुस्तक सहाशे अठराव्या पानावर संपतं, तर आठशे बारावं पान मला दिसलं कुठे? तासभर डोकं धरून बसलो. शेवटी माई, म्हणजे आमची सौ., म्हणाली, "अहो, ऑपरेशनच्या आधी तुम्ही अक्षर केवढं करून वाचायचात? स्क्रीनवर चार ओळी मावायच्या."

मोतीबिंदू! गेल्या ऑगस्टमध्ये काढला. म्हणजे माझ्या प्रबंधातली पहिली तीन प्रकरणं ऑपरेशनपूर्व आणि पुढची तीन ऑपरेशनोत्तर. एकच वाक्य दुसऱ्या प्रकरणात पान ८१२ वर आहे आणि पाचव्यात पान ४३९ वर. एखाद्या परीक्षकाच्या हे लक्षात आलं असतं तर त्याने मला पदवीऐवजी डॉक्टरचा पत्ता दिला असता.

माईने एक तोडगाही सुचवला. "भाग सांगा आणि त्यातला कितवा परिच्छेद ते सांगा. अक्षर केवढंही करा, परिच्छेद थोडेच हलणार आहेत?" मी तिला शांतपणे समजावलं की संशोधनात असं ढोबळ चालत नाही, त्याला शास्त्र असतं. ती बरं म्हणाली आणि टॅब घेऊन आत गेली. दुपारी ती टॅबवर टिचक्या मारत बसते. रेसिपी बघत असावी.

९ जानेवारी

उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये करिष्माकडे गेलो. तिचं टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान. जीन्सचे गठ्ठे आणि शिलाई मशिनच्या दुकानांमधून वाट काढत जावं लागतं, पण आसपासच्या कॉलेजांतले निम्मे प्रबंध तिच्या हाताखालून जातात. दोन वर्षांपूर्वी माझ्या टिपणांची यादी मी तिच्याकडूनच छापून घेतली होती. ॲपमध्ये आपण खुणा केलेल्या ओळी एकत्र निघतात, ती यादी. मी कागदाचा माणूस. सगळा प्रबंध त्या छापील यादीवरूनच लिहिला, फक्त पान क्रमांक टाकताना फोनवर त्या नोंदीवर टिचकी मारायची आणि उघडलेल्या पानाच्या तळाचा आकडा घ्यायचा.

माझी अडचण ऐकून तिने स्टेपलर खाली ठेवला. "अंकल, पेज नंबर नाहीये तर टेन्शन कशाला घेता? कितवा भाग ते टाका, कितवा पॅरा ते टाका. सब वही डालते हैं. स्क्रीनचा नंबर टाकला ना, तर तो प्रत्येकाचा अलग येणार."

अत्यंत मौलिक सूचना. मुळात किती सोपं. अक्षर लहान करा, मोठं करा, परिच्छेद जागचे हलत नाहीत. ज्या बाईने दोनशे प्रबंध टाइप केले आहेत तिचा अनुभव बोलतो तो असा.

घरी आल्या आल्या माईला सगळं समजावून सांगितलं, अगदी उदाहरण देऊन. ती काही बोलली नाही, भाजी चिरत राहिली.

१४ जानेवारी

मोजणी सुरू. पुस्तकाचे अकरा भाग आहेत. शोधायच्या चौकोनात शब्द टाकला की वाक्य सापडतं, पण ते कितव्या परिच्छेदात आहे हे भागाच्या सुरुवातीपासून मोजावंच लागतं. मोजताना मध्ये कोणाचा फोन आला की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा असं झाल्यावर माईने चिंचोक्यांचा डबा काढून दिला. आता ती टॅबवर परिच्छेदाचे पहिले दोन शब्द वाचते, मी वाटीत एक चिंचोका टाकतो.

परिच्छेद म्हणजे काय यावर सकाळी मतभेद झाला. बनूबाईंच्या बोलण्यात मध्येच 'हो' किंवा 'मंग?' एवढंच येतं, स्वतंत्र ओळीत. तो परिच्छेद धरायचा का? माई म्हणाली, "बोलली ना ती? मग धरा." तेवढ्यासाठी नियमावली चाळली, तीत उत्तर नव्हतं. धरला.

तिळगुळाचे लाडू झाले आहेत. माझ्या वाटीत एकदा चिंचोक्याऐवजी लाडू पडला आणि भाग दोन पुन्हा मोजावा लागला.

१६ जानेवारी

माईचा अंदाज चांगला आहे हे कबूल केलं पाहिजे. मी वाक्य वाचलं की ती म्हणते, "हे पाचव्यात, विहिरीच्या नंतर." आणि ते तिथे असतं. मी विचारलं, तू कधी वाचलंस? म्हणाली, "तुम्हीच नाही का लॉकडाऊनमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचात?" खरंच दाखवायचो. तिला त्यातलं कितपत कळत होतं कोण जाणे, पण कानावर पडलेलं राहतं माणसाच्या.

आज मोकळा वेळ होता म्हणून सहावं प्रकरण पुन्हा वाचलं. स्वतःचं लेखन वाचून ऊर भरून येणं बरं नव्हे, पण आला. शीर्षक: 'निवेदिकेचे आत्मभाष्य'. मुद्दा असा की बनूबाई हकीकत सांगता सांगता मध्येच थांबतात आणि स्वतःच्याच बोलण्यावर छोटं भाष्य करतात. 'खरंय.' 'इथेही तसंच.' 'हिला निदान बांधावर तरी बसता आलं.' इथे त्या स्वतःलाच 'ही' म्हणतात, म्हणजे स्वतःकडे परक्यासारखं पाहतात. आणि विशेष म्हणजे असं भाष्य करताना त्या बोली सोडून प्रमाण मराठीकडे वळतात. हे आजवर कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. एके ठिकाणी नुसतंच 'दूध उतू गेलं' असं येतं. बनूबाईंकडे ना गाय ना म्हैस. तेव्हा ते अनावर भावनेचं प्रतीकच, असं मी तीन पानांत सिद्ध केलं आहे.

सगळ्यांत थोर वाक्य मात्र हे: 'माझं म्हणणं यांना पटतं, पण ते दुसऱ्या कोणी म्हटल्यावर.' सबंध स्त्रीजातीचं दुःख एका ओळीत. दोन चर्चासत्रांत वाचून दाखवलं, दोन्हीकडे टाळ्या. यादीत या वाक्यांशेजारी बारीकशी पेन्सिल छापून आली आहे. ॲपलाही ती महत्त्वाची वाटली असावीत.

२३ जानेवारी

त्रेचाळीस अवतरणं भाग आणि परिच्छेदासकट पक्की झाली. उरली अकरा. अकराच्या अकरा सहाव्या प्रकरणातली, आणि एकही सापडत नाही.

शब्द टाकून पाहिले, तुकडे टाकून पाहिले. 'पटतं' नाही, 'उतू' नाही. अकरा भाग ओळीने वाचले. माई शेजारच्या हळदीकुंकवाला गेली होती, मी एकटाच होतो. ती घरी आल्यावर काही सांगितलं नाही. उगाच तिला घोर.

२७ जानेवारी

छडा लागला. ई-पुस्तक कधीही गुपचूप बदलता येतं. छापलेल्या पुस्तकातून कोणी ओळ काढून घेऊ शकत नाही, इथे बटण दाबलं की झालं. स्वप्नालीने ती अकरा वाक्यं काढली असणार.

तिला फोन लावला. ती इथेच एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. ती म्हणाली, "सर, टाकल्यापासून आम्ही एक अक्षर बदललेलं नाही. मला तर पासवर्डपण आठवत नाही." पासवर्ड न आठवणं हा पुरावा होत नाही हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, रविवारी घरी या, आजीलाच विचारा.

२ फेब्रुवारी

बदलापूरला उतरून रिक्षाने बनूबाईंच्या गावी. माई स्वतःहून बरोबर आली. डब्यात तिळगूळ. स्वप्नाली कंपनीच्या कामाला गेली होती, बाई एकट्याच ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, पण आवाज सबंध आळीला पुरेल असा. मी कागद काढला आणि अकरा वाक्यं एकेक करून, योग्य तिथे थांबत, वाचून दाखवली. पहिल्याच वाक्याला माईला ठसका लागला. तिला पाणी दिलं आणि पुढे वाचलं.

बाई शेंगा सोलतच ऐकत होत्या. 'माझं म्हणणं यांना पटतं' आलं तशा थांबल्या. "यांना? मी म्हाताऱ्याला 'यांना' कवा बोलली? मी त्याला 'ए' बोलायची. ह्या माजा नाय."

मी म्हटलं, बाई, आठवून बघा, पाच वर्षं झाली.

"मला पन्नास वर्साचा आठवता, पाच वर्साचा नाय आठवनार? माजा नाय ते. आन दूद उतू गेला म्हंजे? आमच्याकडं कुठचा दूद?" मग हातातली शेंग टोपलीत टाकून त्या म्हणाल्या, "पन जी कोन बाय बोलली, ती खरा बोलली."

एवढं म्हणून त्यांनी माईकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. माईने मान खाली घातली आणि टोपलीतल्या शेंगा सोलायला घेतल्या. मी तोवर ओट्याचा फोटो घेत होतो, परिशिष्टात उपयोगी पडतो. मागे वळलो तर दोघी हसत होत्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. काय झालं विचारलं तर कोणी सांगेना. बहुधा तिळगूळ कडक झाला असावा.

निघताना बाईंनी माईला पदरभर वालाच्या शेंगा दिल्या. मला काही नाही.

३ फेब्रुवारी

चहा पिताना माई म्हणाली, "ते सहावं प्रकरण काढूनच टाका ना." मी थक्क झालो. म्हटलं, तुला कल्पना आहे का तू काय म्हणतेस? त्या वाक्यांवर प्रबंधाचा कळस उभा आहे. जिने ती वाक्यं उच्चारली ती असामान्य प्रज्ञेची स्त्री आहे, असं मी लिहिलं आहे. शब्दशः.

ती म्हणाली, "असं लिहिलंय?"

म्हटलं, दोनदा लिहिलंय. ती उठून गेली. कप तसाच राहिला, निम्मा.

८ फेब्रुवारी

वीस दिवस राहिले. शेवटचा उपाय म्हणून टिपणांची यादी नव्याने काढायला करिष्माकडे गेलो. म्हटलं, जुन्या छपाईत काही गडबड झाली असेल.

तिने फाइल उघडली. "लास्ट टाइम ब्लॅक अँड व्हाइट काढलं होतं, अंकल. कलरमध्ये काढू?" काढ म्हटलं. कागद बाहेर येऊ लागले. काही ओळी पिवळ्या, काही निळ्या. मी विचारलं, हे निळं काय?

"पीला म्हणजे पुस्तकातली लाइन, तुम्ही मार्क केलेली. निळं म्हणजे कोणीतरी टाइप केलेली नोट. बाजूला पेन्सिल आहे ना, ती नोटचीच निशाणी."

"पण ती पुस्तकातच असेल ना?"

"पुस्तकात कशी असेल? वाचणाऱ्याने लिहिलीय. एकच अकाउंट दोन डिव्हाइसवर असेल तर दोघांचं एकत्र येतं." मग तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घर में और कौन पढ़ता है, अंकल?"

मी म्हणालो, कोणी नाही. आणि कागद घेऊन बाहेर पडलो.

९ फेब्रुवारी

काल पुढचं लिहिता आलं नाही. आज लिहितो.

निळ्या नोंदी त्र्याहत्तर आहेत. पहिलीवर तारीख १९ जून २०२०. त्या दिवसांत मी बाल्कनीत बसून मोठ्याने वाचायचो, आणि वाचून झालं की माईला म्हणायचो, तुला यातलं कळणं कठीण आहे, पण ऐक. ती ऐकायची, मग टॅब घेऊन आत जायची. रेसिपी बघते, असं मी धरून चाललो. पाच वर्षं मी असंच धरून चाललो होतो.

'हिला निदान बांधावर तरी बसता आलं.' ती बनूबाईंबद्दल लिहीत होती. मी त्यावर दोन पानं लिहिली की स्त्री स्वतःलाच परकी कशी होते. आणि परवापर्यंत ती समोर बसून चिंचोके मोजायला मदत करत होती.

मला लाज वाटली. नुसती चूक झाली असती तर चूक म्हटलं असतं. मालाची चूक मी एकतीस वर्षं पकडत आलो. पण 'माझं म्हणणं यांना पटतं' हे वाक्य बनूबाईंचं समजून मी त्याला थोर म्हटलं, आणि तेच वाक्य घरात रोज घडत होतं ते मला दिसलं नाही. आज उठल्यावर ही डायरी मागे उलटून पाहिली. ७ जानेवारीला माई, ९ जानेवारीला करिष्मा. आणखी काय पुरावा पाहिजे.

माईसमोर रंगीत कागद ठेवले. म्हटलं, गावातच का नाही सांगितलंस? तुला तिथेच कळलं होतं ना?

"तुम्ही इतक्या कौतुकाने वाचत होतात," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर कौतुक थांबलं असतं."

मी विचारलं, मग दूध? म्हणाली, "खरंच उतू गेलं होतं. वाचता वाचता लक्ष राहिलं नाही, म्हणून तिथेच लिहून ठेवलं. नंतर शेगडी पुसताना पुन्हा शोधायला नको, कुठवर आले होते ते."

११ फेब्रुवारी

कॉलेजात जाऊन शलाका मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, एक मिनिट, पाणी पिते," आणि पाणी न पिताच टेबलावर डोकं ठेवून हसल्या. बाहेरच्या शिपायाने डोकावून पाहिलं.

मग गंभीर झाल्या. हे दडपलं असतंत तर मी सही केली नसती, म्हणाल्या. आता दोन वाटा. एक, सहावं प्रकरण काढायचं. मग निष्कर्षच उरत नाही आणि अर्धवट प्रबंध जातो, कदाचित फेटाळलाही जातो. दोन, दोन आठवड्यांत प्रकरण नव्याने लिहायचं. बनूबाईंचं वाक्य भाग आणि परिच्छेदासह, आणि त्याशेजारी वाचणाऱ्या बाईची टीप, तिच्या नावासह. एका बाईने सांगितलं आणि दुसरीने त्यात स्वतःचं ओळखलं, असं प्रकरण. "खरं सांगू? हे आधीच्यापेक्षा चांगलं होईल. पण त्यांची लेखी परवानगी पाहिजे. खाजगी नोंदी आहेत त्यांच्या. नाही म्हणाल्या तर विषय संपला." मग पेन उघडून विचारलं, "वाचकाचं नाव काय लिहू?"

मी म्हटलं, माई.

"काका, पूर्ण नाव."

१३ फेब्रुवारी

माईने सबंध सहावं प्रकरण वाचायला मागितलं. दोन दिवस खिडकीशी बसून वाचलं. मी त्या खोलीत जायचं टाळलं. निकालाची अशी भीती मला शाळेतही कधी वाटली नव्हती. ती नाही म्हणाली असती तर मी एक शब्दही बोलणार नव्हतो, हे मी ठरवून टाकलं होतं.

आज संध्याकाळी कागद परत दिले. अकरापैकी चार टिपांवर काट मारली होती. 'आईला सांगायला हवं होतं' त्यात होतं. ती म्हणाली, "ह्या तीन घरातल्या आहेत, घरात राहू देत. आणि चौथी दुधाची. तिच्यात प्रतीक नाही, पातेलं जळलं होतं."

उरलेल्या सातांत मी एकच शोधत होतो. 'माझं म्हणणं यांना पटतं' तसंच होतं, काट नव्हती. मी विचारलं, हे चुकून राहिलं का?

"राहू दे ते. इतकी वर्षं तुम्हीच सगळ्यांना वाचून दाखवलंत. आता नावानिशी दाखवा."

परवानगीच्या कागदावर तिने सही केली. मंदाकिनी शंकर चौबळ. लग्नाला अडतीस वर्षं झाली, आणि हे नाव मी शेवटचं कधी लिहिलं होतं ते आठवेना. बँकेच्या फॉर्मवर बहुधा. सही करून ती म्हणाली, "आणि ते असामान्य प्रज्ञेची स्त्री लिहिलंय. ते आता कोणाबद्दल आहे?"

म्हटलं, वाक्य तेच राहील, फक्त नाव बदलेल. बनूबाईंना वेगळं लिहीन.

"दोनदा आहे," ती म्हणाली. "एक त्यांना द्या, एक मला."

२७ फेब्रुवारी

प्रबंध गेला. मुदतीच्या एक दिवस आधी, तीन प्रती, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. बनूबाईंच्या एकाही संदर्भात पान क्रमांक नाही आणि एकही संदर्भ हरवलेला नाही. कोणत्याही फोनवर, कोणत्याही डोळ्यांनी उघडा, जागा तीच.

कॅम्प चारला माई बरोबर आली होती. करिष्माने तिला खुर्ची दिली, मला स्टूल. "आंटी, ती 'यांना पटतं'वाली नोट तुम्ही लिहिलीत? मी टाइप करताना माझ्या मिस्टरांना फोटो पाठवला." माईने विचारलं, मग? करिष्मा म्हणाली, "रिप्लाय नाही आला अजून."

संदर्भसूचीतली एक नोंद इथे उतरवून ठेवतो. 'चौबळ, मंदाकिनी. "आवणी ते झोडणी", भाग ४, परिच्छेद १२ वरील टीप. अंबरनाथ, २०२०.' सूची अकारविल्हे आहे. चौबळ एकच आहेत, त्या. मी नाही.

ही डायरी आजवर कपाटात, खालच्या खणात असायची. आज जेवणाच्या टेबलावर ठेवतो आहे. शेजारी निळं पेन ठेवलं आहे.

२८ फेब्रुवारी (निळ्या शाईत)

वाचली. पान क्रमांक नाहीत, म्हणून तारीख आणि परिच्छेद देते.

९ जानेवारी, शेवटचा परिच्छेद: भाजी चिरत नव्हते, मेथी निवडत होते. चिरताना मी बोलते.

९ फेब्रुवारी, चौथा परिच्छेद: खरंय.

२ फेब्रुवारी, शेवटून दुसरा परिच्छेद: तिळगूळ मऊ होता.

मं. चौ.